दही लागेना तेव्हा

हे लिहायला बसले तेव्हा सून दारातून म्हणाली, "आई, दुसरं कायतरी लिहा की. जुलाबावर कोण लिहितं का?"

तिचं बरोबर आहे. कॅन्सरमधून उठलेली बाई लिहिते, हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस लिहितो, लोक त्यांना शूर म्हणतात. संडासात वर्ष काढलेल्या बाईला शूर कोण म्हणणार? पण मला गरज होती तेव्हा असं लिहिणारं कुणी सापडलं नाही. हे शेजारणीला सांगता येत नाही, आणि नवऱ्याला सांगून सांगून आपल्यालाच कंटाळा येतो. अशीच एखादी बाई या घडीला कुठेतरी कडी लावून, भिंतीला डोकं टेकून बसली असेल. तिच्यासाठी लिहितेय. बरं होण्याची युक्ती यात नाही, हे आधीच सांगते. ती असती तर मी लिहीत बसले नसते, कांदे लावायला गेले असते.

दाढ

मी पिंपरी पेंढारची. लग्न होऊन आले ती इथलीच झाले. गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. 'आहे' म्हणते, पण सध्या मदतनीसच सगळं बघते. आमच्या ह्यांची शेती, कांदा आणि टोमॅटो, शिवाय गोठ्यात तीन गाई. मुलगा विकास चाकणला कंपनीत, सुट्टीला येतो. सून प्रियांका घरी आमच्याजवळ. तिला लहान मुलगी.

सगळं सुरू झालं दाढेपासून. गाल सुजला, गावातल्या दवाखान्यात गेले. आमच्याकडे डॉक्टरला काय होतंय हे सांगायच्या आधी लोक सांगतात, "डॉक्टर, स्ट्राँग द्या." मीही तेच म्हणाले. त्यांनी दिल्या. दाढ थांबली, मग परत ठणकली, मग काढली, काढल्यावर पुन्हा गोळ्या. त्यानंतर खोकला आला, त्याच्या वेगळ्या. सगळ्या गोळ्या मी नेमाने घेतल्या. मी असली कामं अर्धवट सोडणारी बाई नाही.

मग पोट बिघडलं. सुरुवातीला हसले. मुलांच्या जुलाबावर मी उभ्या गावाला भाषणं दिलेली. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते लेकुरवाळ्यांना हात धरून शिकवलेलं. स्वतःला तांब्याभर करून घेतलं. थांबलं नाही. डाळिंबाची साल झाली, कुड्याचा काढा झाला. कुणी म्हणालं नजर लागली, म्हणून मीठ-मोहऱ्याही ओवाळून झाल्या. मग पुन्हा दवाखाना आणि पुन्हा गोळ्या, या वेळी जुलाब थांबायच्या. आगीतून निघून फुफाट्यात पडले, पण फुफाटा कशाला म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं.

दिवाळी गेली. मी एकही करंजी खाल्ली नाही. भाऊबीजेला माहेरीही गेले नाही, कारण वाटेत घाट होता आणि घाटात संडास नव्हता.

पुण्यातली डॉक्टरीण

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात ज्या डॉक्टरणीने निदान केलं ती माझ्या विकासच्याच वयाची असेल. तिने रिपोर्ट वाचला, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "शेती आहे ना तुमची?"

हे म्हणाले, "हाय की."

"मग समजायला सोपं जाईल. आपल्या आतड्यात जंतूंची वस्ती असते, लाखो-करोडो. ते वाईट नसतात. एकमेकांना धरून राहतात, कुणाला फार वाढू देत नाहीत. ताईंनी ज्या गोळ्या घेतल्या त्यांनी ती वस्ती उठली. रान मोकळं पडलं. आता त्यात एकच जंतू माजलाय, आणि तो विष सोडतो."

त्या जंतूचं नाव तिने सांगितलं. मी ते पाठ केलं नाही, कारण नाव घेतलं की तो ओळखीचा झाल्यासारखा वाटायचा.

हे फरशीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे तणनाशक आमीच मारलं अन् गाजरगवत बी आमीच आणलं."

"तुमची चूक नाही," डॉक्टरीण म्हणाली. "गोळ्या लागतात कधी कधी."

त्या दिवशी मला भीती वाटली नाही. नाव कळलं म्हणजे आता उपाय होणार असं वाटलं. निदानाच्या दिवशी माणूस फार भोळा असतो.

वेगळी खोली

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. माझ्यापासून दुसऱ्यांना लागू नये म्हणून. येणारा प्रत्येक जण हातमोजे आणि झगा घालून यायचा. दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं की बाटलीतल्या जेलने हा जंतू मरत नाही, हात साबणानेच धुवा. ते वाचून मला हुंदका फुटला. साबणाने हात धुवा हे वाक्य मी आयुष्यभर पोरांकडून गाण्याच्या चालीवर म्हणून घेतलेलं, आणि आता ते माझ्यापासून वाचण्यासाठी माझ्याच दारावर होतं.

तिथला दिवस पोटाच्या घड्याळावर चालायचा. कळ येणार, उठायचं, सलाईनचा स्टँड ढकलत जायचं, यायचं, पडायचं, की पुन्हा कळ. कधी पोचायचे, कधी नाही. नाही पोचले की बेल दाबायची आणि डोळे मिटून पडायचं. जणू मी डोळे मिटले म्हणजे येणाऱ्या बाईला मी दिसणार नव्हते.

त्या वॉर्डातल्या मावशींना मी कधी विसरणार नाही. बाकीचे नाकाला मास्क लावूनही मान फिरवायचे. या कधी फिरवत नसत. चादर बदलताना बोलत राहायच्या, सुनेबद्दल, भाजीच्या भावाबद्दल. एकदा मी म्हणाले, "मावशी, तुम्हाला किळस नाही का येत?"

"येती की," त्या म्हणाल्या. "पर ती घाणीची येती. तुमची कशाला येईल?"

सगळ्या आजारपणात मला कुणी दिलेलं हे सगळ्यात मोठं औषध. त्याने जुलाब थांबले नाहीत, पण मी त्या दिवशी जेवले.

घर

गोळ्यांनी बरं वाटलं. घरी आले. गोळ्या संपल्या आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू. पुन्हा पुणे, पुन्हा त्याच महागड्या गोळ्या, पुन्हा बरं, पुन्हा तेच. डॉक्टरीण म्हणायची, गोळीने तो जंतू दबतो, पण शेजारी कुणी नसलं की पुन्हा डोकं वर काढतो. ते शेजारी परत वसत नव्हते.

गोठ्याजवळचा संडास माझ्या एकटीच्या नावाने झाला. माझं ताट, तांब्या, टॉवेल वेगळा. प्रियांकाने हे सगळं मला दुखू नये अशा बेताने केलं, पण दुखायचं ते दुखलंच. तान्ह्या नातीला मी घेत नव्हते. ती रांगायला लागली आणि माझ्याच दिशेने यायची. मी पाय वर घेऊन पलंगावर बसायचे आणि ओरडायचे, "अगं प्रियांका, हिला ने!" पोरीला वाटायचं आजी रागावली. ती ओठ काढून रडायची. मी तिला उचलू शकत नव्हते आणि रागावलेली नाही हे सांगूही शकत नव्हते.

हे रात्रंदिवस काळजी करायचे आणि दिवसभर चिडायचे. "जरा खा की," म्हणायचे. खाल्लं की, "आता कशाला खाल्लं?" मी एकदा ताट सरकवून म्हणाले, "एक काय ते ठरवा." ह्यांनी ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. आमच्या लग्नात भांडणं पुष्कळ झाली, पण भांडायचं बळ नसण्याची वेळ पहिल्यांदा आली.

माझ्या अंगावर ब्लाउज राहीना. आरशात माझी आई दिसायला लागली, तीही तिच्या शेवटच्या दिवसांतली. एकदा पुण्याहून परत येताना ह्यांना येडगावला एका पाहुण्याकडे काम होतं. मी गाडीतच बसले. समोर धरणाचं पाणी होतं, शांत. मला वाटलं, इथे गेलं की सुटलं. भीती नाही वाटली, हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच मग फार भीती वाटली. हे गाडीत येऊन बसले तेव्हा मी त्यांना ते तसंच्या तसं सांगून टाकलं. त्यांनी गाडी सुरू केली नाही. माझा हात धरून बसले, साबण नाही, पाणी नाही. जिला हे वाचताना आपलंच वाटेल तिला सांगते, तो विचार पोटात ठेवू नका. सांगितल्यावर तो गेला नाही, पण माझ्या एकटीचा राहिला नाही.

भाऊबीज

तिसऱ्यांदा उलटलं तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, आता दुसरा मार्ग. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तपासायची, गाळायची आणि नळीने माझ्या आतड्यात सोडायची.

मी म्हणाले, "काय?"

तिने पुन्हा सांगितलं. मी अजून तोंडाकडे बघतेय हे पाहून विचारलं, "तुमचं विरजण गेलं तर काय करता?"

"शेजारून आणते."

"तेच करायचंय. तुमच्याकडचं गेलंय. दुसऱ्याकडचं आणून लावायचं."

मला ओकारी आली आणि पटलंही. दोन्ही एकदम. विरजण कितीदा तरी गेलं असेल माझं, आणि वाटी घेऊन मी कितीदा तरी शेजारच्या दारात उभी राहिले असेन. पण ती वाटी दह्याची होती हो.

आता दाता कोण? ह्यांना साखर, ते बाद. विकासने नुकत्याच सर्दीसाठी त्याच स्ट्राँग गोळ्या घेतलेल्या, तोही बाद. प्रियांका अंगावर पाजणारी. आमच्या घरात, भावकीत, आजूबाजूला ज्याला विचारावं त्याने अलीकडे अशा गोळ्यांचा एखादा कोर्स केलेलाच. मला नवल वाटलं. सगळ्या गावाची पोटं आम्ही अशी फवारून ठेवलीत.

राहिला माझा धाकटा भाऊ अंकुश. माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या रस्त्याला. अंकुश भातशेती करतो आणि देवाला येणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला चहा-भज्याचं हॉटेल चालवतो. त्याला फोन केला. शब्द सापडेनात. शेवटी प्रियांकाने फोन घेऊन सरळ सांगितलं. पलीकडून त्याचा आवाज आला. "द्या आक्काकडं फोन."

मी घेतला.

"आक्का, मला वाटलं किडनी मागती का काय! अगं, हे तर मी रोज टाकूनच देतो."

कित्येक महिन्यांनी मी हसले. पोट धरून हसले, आणि पोट धरून हसणं मला परवडणारं नव्हतं.

तो पुण्याला आला. रक्त दिलं, बाकीचं दिलं. "शेवटची गोळी कधी घेतली होती?" असं डॉक्टरणीने विचारलं तेव्हा म्हणाला, "आमच्याकडं दवाखानाच लांब हाय मॅडम, गोळ्या कुठून खाणार? ताप आला तर झोपून ऱ्हायचं, उतरला की उठायचं." सगळ्या तपासण्यांत तो पास झाला. शाळेत कधी झाला नव्हता, हे त्यानेच सगळ्यांना सांगितलं.

त्या दिवशी मला आत नेताना तो दारात उभा होता. म्हणाला, "भाऊबीजेला आली न्हाईस न तू? ही घे तुझी ओवाळणी." आणि तोंड फिरवलं. तो रडत होता हे मला ह्यांनी नंतर सांगितलं.

चांगले महिने

हे लिहिताना माझं मलाच खोटं वाटतं. पण होते ते महिने, खरेच होते.

एका सकाळी मी गोठ्याजवळच्या त्या संडासातून बाहेर आले आणि ह्यांना हाक मारली. ते धावतच आले, काय झालं म्हणून. मी म्हणाले, "काही नाही. नीट झाली." ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि "बरं," म्हणून गाईंकडे गेले. जाताना डेअरीची किटली रिकामीच घेऊन गेले होते, मग परत आले.

मी बाजरीची भाकरी खाल्ली. एसटीत बसले. साबणाने हात धुऊन नातीला घेतलं. ती आधी घाबरली, मग माझं मंगळसूत्र तोंडात घातलं. अंगणवाडीतही जायला लागले. माहेरी गेले, घाटातूनच गेले. वहिनीने निघताना स्टीलच्या डबीत त्यांच्या घरचं विरजण दिलं आणि अंकुश म्हणाला, "आतलं दिलं, आता भाईरचं बी ने. माझं नाव निघालं पायजे." त्या विरजणाचं दही आमच्याकडे असं घट्ट लागायचं की वाटी आडवी केली तरी हलत नसे. मी रोज खायचे. घरात मला चिडवायचे की हिला आता भावासारखी भज्यांची आवड लागली, उद्या शिव्या पण येतील.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरणीला विचारलं, "हे आता भावाचंच राहणार का आत?"

"नाही," ती म्हणाली. "ते जंतू आता नवीन घरात आलेत. तुमचे जुने थोडे कुठेतरी दडून राहिलेले, ते बाहेर येतील. काही जमवून घेतील, काही जातील. तुम्ही जे खाल त्याने बदलेल. वर्षभराने ते ना भावाचं असेल ना तुमचं पहिलं. पण तोवर जपा. वस्ती नवी आहे."

लग्न होऊन आलेल्या बाईला हे वेगळं समजवावं लागत नाही. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, "नांदायला वेळ लागतो म्हणे." ते म्हणाले, "नांदतील. तू नांदलीस की."

दही

आषाढात चंद्री गाईला दगडी झाली. कास कडक झाली, एका सडातून गुठळ्या येऊ लागल्या. गुरांच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, सडात ट्यूब सोडल्या, माझ्या गोळ्यांसारखंच जंतू मारायचं औषध. हे आमच्याकडे घरोघरी होतं. अशा गाईचं दूध डेअरी घेत नाही, दुधात औषध उतरलंय का ते पट्टी बुडवून तपासतात आणि परत देतात. मग ते दूध कुठे जातं? घरात. चहाला, पोरांना, पाहुण्यांना. दूध मोरीत ओतणं आमच्यात पाप समजतात. औषध चाललेल्या गाईचं दूध आम्ही शहराला पाजत नाही, आम्हीच पितो. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, आम्ही त्या अशा खातो.

मला तेव्हा चंद्रीचं माहीत नव्हतं. मी अंगणवाडीत, धार ह्यांच्याकडे, विरजण लावणं प्रियांकाकडे. एके सकाळी ती म्हणाली, "आई, दही लागलं नाही." पातेल्यात दूध तसंच, पांचट, वरती हिरवट पाणी. मी म्हणाले, "पावसाळी हवा आहे, फडक्यात गुंडाळून ठेव." दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हाही मी हवेलाच बोल लावला. त्यातलं थोडं कढीत घातलं, बाकीच्या दुधाचा चहा प्यालो, रात्री मी पेलाभर गरम दूध घेतलं. अंगात ताकद यावी म्हणून हे स्वतः आणून द्यायचे. अंकुशकडचं ते विरजण त्या आठवड्यात संपलं. पुढचं लावायला चमचाभरही उरलं नाही.

आठवडा सरतो न सरतो तोच कळ आली. ती कळ मी ओळखते. शंभर कळांत ओळखीन.

संडासातून बाहेर आले. ह्यांच्या हातात चाऱ्याचा भारा होता. मी विचारलं, "घरात दूध कुठल्या गाईचं चालू आहे?"

"चंद्रीचं," ते म्हणाले. "डेअरीवाला घेईना, म्हनून..." आणि तिथेच थांबले. भारा खाली पडला. त्यांचा चेहरा बघून मी पुढचं ऐकायला थांबले नाही.

मी सांगितलेलं खोटं

पुण्याला गेलो. तोच जंतू. ह्यांना बाहेर बसवून मी डॉक्टरणीला दुधाचं सगळं सांगितलं.

तिने माझी फाईल पुन्हा चाळली. "ठामपणे नाही सांगता येणार," म्हणाली. "दुधातून येतं ते अगदी थोडं असतं. काहींना काहीच कारण नसताना परत होतं. असंही असेल, तसंही असेल. ते दूध मात्र घरात कुणीच घ्यायला नको होतं, बाळाने तर नाहीच."

मी बाहेर आले. हे पिशवी मांडीवर घेऊन, खुर्चीच्या कडेवर बसलेले. मी म्हणाले, "विचारलं मी. दुधाचा काही संबंध नाही म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली. पिशवी उचलून चालू लागले.

अंकुशला फोन केला. पुन्हा एकदा यायचंय, म्हणाले. तो अडखळत सांगू लागला. श्रावणात भीमाशंकरला रीघ लागलेली, हॉटेल एक दिवस बंद ठेवता येत नाही, आणि नेमका त्यात त्याला ताप भरला होता. या वेळी झोपून राहिला नाही. घोडेगावला जाऊन दवाखान्यात म्हणाला, डॉक्टर, स्ट्राँग द्या.

"आक्का, तू बरी झालेलीस गं," तो म्हणाला. "मला काय म्हाईत तुला परत लागंल." आणि लहान असताना रडायचा तसा रडला. मी त्याला समजावत होते आणि एकीकडे मला त्याचा भयंकर राग येत होता. दोन्ही खरं होतं.

डॉक्टरीण म्हणते, काही महिने थांबून भावाला पुन्हा तपासू. तोवर त्याच गोळ्या. थांबून पुन्हा केलं तर लागेल का? ती म्हणते, बहुतेकांना लागतं. 'बहुतेक' या शब्दात मी एकदा राहून आलेय. आता मला त्यात जागा दिसत नाही. नात पुन्हा दूर झाली. या वेळी ती रडतही नाही, माझ्याकडे येतच नाही.

वाटी

गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात गुरांची औषधं असतात. संडासाला जाता-येता तो कोनाडा दिसतो. एक दिवस मला तिथे वाटी दिसली, वर बशी झाकलेली. उघडली तर दही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी. चंद्रीच्या धारेतलं दूध तापवून, शेजारून मागून आणलेलं विरजण लावून हे रोज संध्याकाळी एक वाटी तिथे ठेवत होते, आणि रोज सकाळी धार काढायच्या आधी दही लागलंय का ते बघत होते. दुधाचा संबंध नाही या माझ्या वाक्यावर त्यांनी एक क्षणही विश्वास ठेवला नव्हता. चहा ते कोरा पिऊ लागलेत, हेही मग माझ्या लक्षात आलं.

मध्ये चंद्रीला पुन्हा दगडी झाली, दुसऱ्या सडाला. ट्यूब सोडल्या. वाटीतलं दही लागेना. या वेळी त्यांनी सगळं दूध उकिरड्याच्या खड्ड्यात ओतलं. प्रत्येक धारेचं. ओतताना पायातली चप्पल काढून ठेवायचे. मी खिडकीतून बघत होते आणि हाक मारून थांबवावं असं मला वाटलं नाही. वाटायला हवं होतं का, ते माहीत नाही.

काल सकाळी मी ओट्यावर बसले होते. ते गोठ्यातून वाटी घेऊन आले आणि माझ्यासमोर धरली. आडवी केली. दही हललं नाही.

"लागलंय बघ," म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "चांगलं लागलंय."

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, माझ्या हाताजवळ. शेजारी चमचाही ठेवला. मला सगळं समजत होतं. एक चमचा खाल्ला असता तर त्यांचं ओझं उतरलं असतं. मी हात पुढे करायचा प्रयत्न केला. मनापासून केला. हात मांडीवरून उठला नाही.

थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग चमचा उचलला आणि ते दही स्वतः खायला लागले. साखर नाही, मीठ नाही. सावकाश, वाटी खरवडून खाल्लं. "काय बी व्हत न्हाई," म्हणाले, ते मला की स्वतःला, कळलं नाही. डोळ्यांतलं पाणी गालावरून वाटीत पडत होतं आणि ते पुसत नव्हते.

मी त्यांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात कळ आली. उठावंच लागलं. मी परत आले तेव्हा ते रिकामी वाटी घेऊन तिथेच बसले होते. त्यांनी विचारलं, "परत?"

मी म्हणाले, "परत."